खुर्चीवरची शेळी

मागच्या खोलीचं दार आपणच रंगवून टाकायचं, असं जावईबापूंनी ठरवलं तेव्हा घरात त्यांना अडवणारं कुणीही नव्हतं. (असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती, आणि एका निष्पाप शेळीचे हाल वाचले असते.)

जावईबापू म्हणजे सासरी जाऊन मान मिरवणारे जावई नव्हेत. ते आपल्या स्वतःच्याच घरात जावई झाले होते. दारावरची पाटी त्यांची, घरपट्टी त्यांच्या नावावर. पण सासूबाई कायमच्या राहायला आल्या आणि येताना सामानासोबत एक चाकाचं छापयंत्र, कातडी गुंडाळलेले रूळ आणि एक भलाथोरला दगड घेऊन आल्या. तो दगड चार हमालांनी वर आणला तेव्हा जिन्यातला प्रत्येक शेजारी दाराशी उभा होता. "हे कोण?" असं कुणीतरी विचारलं, आणि सासूबाईंनी हमालांच्या मध्ये अडकलेल्या घरमालकाकडे बोट दाखवून सांगितलं, "हे आमचे जावईबापू." झालं. त्या दिवसापासून दूधवालासुद्धा त्यांना दुसऱ्या नावानं ओळखेना.

सासूबाई म्हणजे साधीसुधी असामी नव्हती. दगडावरून चित्रं छापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोरले चित्रकार, म्हणजे ज्यांची चित्रं आता संग्रहालयात काचेमागे असतात आणि ज्यांच्याविषयी बोलताना माणसं आवाज खाली आणतात ते, आपली शिळाछापं सासूबाईंखेरीज कुणाकडूनच छापून घेत नसत. चरबीच्या खडूनं ते दगडावर चित्र काढणार, सासूबाई मोजक्याच प्रती छापणार, आणि मग दगड घासून कोरा करणार. मग जगाच्या पाठीवर कुणीही कितीही डोकं आपटलं तरी आणखी एकसुद्धा प्रत निघायची नाही. (जावईबापूंना हा व्यवहार कधीच कळला नव्हता. त्यांच्या कचेरीत एका कागदाच्या जितक्या जास्त प्रती, तितका तो कागद महत्त्वाचा.)

त्यांतला हा शेवटचा दगड. खुर्चीवर पुढचे पाय टेकून खिडकीबाहेर बघणारी शेळी थोरल्या चित्रकारांनी त्यावर काढली, आणि छापायच्या आधीच ते गेले. मग वारसांची भांडणं लागली. ती मिटेपर्यंत सासूबाईंचे केस पांढरे झाले आणि मनगटं दुखू लागली. पण दगड त्यांनी कुणाला दिला नाही. "ही एक शेळी छापून होऊ दे," त्या म्हणायच्या, "मग रूळ खाली ठेवीन. त्या माणसाला शब्द दिलाय मी." आता वारसांनी होकार दिला होता, चित्रदालनाच्या बाई पहिली प्रत बघायला त्याच दुपारी यायच्या होत्या, आणि सासूबाई लेकीला घेऊन कागद आणायला बाहेर पडल्या होत्या.

निघताना त्या उंबऱ्यात थांबल्या होत्या.

"जावईबापू, घर सांभाळा."

"हो, आई."

"दगडाला हात लावू नका."

"छे हो! मी कशाला लावतोय?"

"तुम्ही लावाल असं नाही म्हणत मी. पण तुमचे हात तुमचं ऐकत नाहीत, म्हणून आपलं सांगून ठेवते."

हे जावईबापूंना लागलं. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासणारा माणूस तो! कुणाच्या घराला आग लागो, कुणाची गाडी भिंतीवर चढो, अर्ज हातात आला की बोट जिभेला लावून एकेक पान उलटायचं आणि शेवटी लाल शाईत शेरा मारायचा : 'अर्जदाराचा निष्काळजीपणा'. (ती बोट जिभेला लावायची सवय लक्षात असू द्या. जावईबापूंच्या ती लक्षात नव्हती.) अशा माणसाला हातांवरून बोलणं!

तेव्हा आपले हात काय करू शकतात हे दाखवून द्यायलाच हवं होतं. पाहुण्या बाई येणार त्या छपाईच्या मागच्या खोलीत, आणि तिचं दार तर पोपडे सुटून खरूज झाल्यासारखं दिसत होतं. माळ्यावर हिरव्या रंगाचा अर्धा डबा होता, टर्पेंटाइनची बाटली होती, ब्रशही होता. ब्रशाचे केस जावईबापूंच्या केसांइतकेच उरले होते, पण जावईबापू भागवतातच ना तेवढ्यावर?

जमिनीवर रंग सांडू नये म्हणून काहीतरी अंथरायला हवं होतं. काळजी घेणारा माणूस. इकडेतिकडे बघितलं, तर दारालगतच्या टेबलावर दगड होता आणि दगडावर एक जुनी चादर. ती त्यांनी काढली आणि जमिनीवर अंथरली.

जमीन वाचली.

स्टुलावर चढून चौकटीची वरची कड रंगवताना टर्पेंटाइनच्या वासानं त्यांना शिंक आली. शिंक म्हणजे कशी, पूर्ण माणूस वापरून येते तशी. ब्रश हातात राहिला, पण ब्रशातला रंग राहिला नाही. एक हिरवा थेंब हवेतून संथपणे गेला आणि थेट शेळीच्या कानावर बसला.

"अरे देवा," जावईबापू म्हणाले आणि स्टुलावरून उतरले. पडले म्हणा.

पहिला विचार त्यांच्या मनात आला तो साबण-पाण्याचा. कपडे धुवायची साबणाची वडी काढली, घासायचा ब्रश काढला, बादली नळाखाली लावली आणि नळ सोडला. नळानं एक उचकी दिली आणि तो गप्प झाला. आज इमारतीची टाकी धुवायचा दिवस. आठवडाभर जिन्यात सूचना लागली होती. आणि ती पूर्ण न वाचता तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करणारे स्वतः जावईबापूच होते. टाकीवर चढलेल्या माणसांना त्यांनी मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की त्यांना वर ठसका लागला असेल.

राहिली टर्पेंटाइनची बाटली. फडक्याच्या टोकाला थेंबभर लावून त्यांनी हलकेच पुसलं. हिरवा रंग निघाला. जावईबापू हसले. मग त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हिरवा निघाला होता, पण सोबत कानही निघाला होता.

आता तुम्ही आम्ही असतो तर इथे थांबलो असतो. पण न्हाव्याच्या हातून एक कल्ला कमी झाला की तो दुसरा कमी करतो, मग पुन्हा पहिला, आणि गिऱ्हाईक उठतं तेव्हा त्याला आई ओळखत नाही. एका कानाची शेळी वाईट दिसते म्हणून जावईबापूंनी दुसरा कान जरासा फिका केला. मग डोकंच गडद वाटू लागलं. ते फिकं करायला गेले तर मान तुटल्यासारखी दिसायला लागली. आणि मान जुळवण्याच्या नादात कोपर लागून बाटली आडवी झाली. सगळं टर्पेंटाइन शेळीच्या पाठीवरून खुर्चीच्या पायांपर्यंत वाहिलं. कचेरीत टेबलावर चहा सांडला की जे करतात तेच त्यांनी केलं. फडकं घेतलं आणि भराभरा, गोल गोल, स्वच्छ पुसून काढलं.

समोर दगड. जेवून झाल्यावर धुऊन ठेवलेल्या ताटासारखा लख्ख.

(नीट पाहिलं असतं तर कदाचित पुसटशी सावली दिसली असती. पण जावईबापूंच्या डोळ्यांत टर्पेंटाइन गेलं होतं, आणि डोळ्यांतून जे वाहत होतं ते सगळंच काही टर्पेंटाइनमुळे नव्हतं.)

त्यांच्या डोळ्यांपुढे सासूबाईंची मनगटं आली. रोज संध्याकाळी त्या गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या आणि म्हणायच्या, "एवढी शेळी होईपर्यंत टिका रे बाबांनो." इतकी वर्षं एका बाईनं दगड जपला, आणि एका सकाळी आपण तो पुसून वाळत घातला. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, शेळी गेली."

"कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? गेली! पूर्ण गेली. खुर्चीसकट."

पलीकडून बायको एकदम मोकळ्या, गोड आवाजात बोलू लागली. त्या आवाजावरून जावईबापूंना कळलं की सासूबाई तिच्या अगदी शेजारी उभ्या आहेत.

"हो का? अय्या! पूर्ण संपली?"

"अगं, आता मी करू काय?"

"मग काय, संपली असेल तर दुसरी करून ठेवा. आम्ही निघालोच आहोत. आई? काही नाही गं, चटणीचं विचारतायत."

फोन बंद झाला. बायकोला फक्त वेळ मारून न्यायची होती. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि बायकोचा सल्ला तर सोन्याची काडी. दुसरी करून ठेवा! बरोबरच की! भिंतीवर त्याच शेळीची थोरल्या चित्रकारांच्या हातची रेखाटनं चौकटीत लावलेली होती. समोर नमुना आहे, दगड कोरा आहे, उरला फक्त खडू. चरबीचा काळा खडू. जावईबापूंनी घर धुंडाळलं आणि बायकोच्या आरशापुढे त्यांना तो सापडला. भुवयांची पेन्सिल.

त्यांनी शेळी काढायला घेतली.

शाळेत असताना चित्रकलेच्या मास्तरांनी त्यांना 'तू आपला रांगोळ्यांचे ठिपके मोज' असं सांगितलं होतं. त्यानंतर थेट हीच वेळ. खुर्ची बरी जमली. फक्त तिचे पाय कुठल्याच जमिनीला लागेनात. शेळीचं धड उशीसारखं झालं, पण उशीलाही लोक जीव लावतात. खरी पंचाईत झाली दाढीची. दाढी काढली आणि जावईबापू दचकून मागे सरकले. खुर्चीवर त्यांचे शाखाधिकारी बसले होते! तेच रोखून बघणं, तीच हनुवटी. घाईघाईनं जावईबापूंनी बोट जिभेला लावलं आणि दाढी पुसली. पुन्हा काढली. पुन्हा साहेब. पुन्हा जिभेला बोट, पुन्हा पुसलं. एका बोटावर भागेना तेव्हा पाचही बोटं कामाला लावली. शेवटी साहेब जाऊन तिथे मोठ्या साहेबांसारखं काहीतरी आलं. आणि जिन्यात पावलं वाजली. जावईबापूंनी चादर उचलली, दगडावर टाकली आणि तिच्यापुढे हात पसरून उभे राहिले.

आधी सासूबाई आल्या, मागून कागदाची गुंडाळी घेऊन बायको, आणि तिच्यामागून दालनाच्या बाई. या बाईंचा चष्मा साखळीला होता आणि त्या कुठलीही गोष्ट आधी चष्म्याशिवाय बघत, मग चष्म्यातून, मग पुन्हा चष्म्याशिवाय.

"दार हिरवं कुणी केलं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी, आई. जरा बरं दिसावं म्हणून."

"अर्धंच बरं दिसतंय. सरका."

"आई, आज आपण विश्रांती घेतली तर? तुमची मनगटं..."

"मनगटं माझी आहेत. सरका म्हणते ना."

"चहा टाकू का?" बायकोनं मधेच सूर लावला. "आधी चहा घेऊ या ना!"

"टाक. पाणी असेल तर टाक," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी चादर ओढली.

वरच्या टाकीवर खराटा फिरत होता.

पहिल्यांदा तोंड उघडलं ते दालनाच्या बाईंनी. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "अप्रतिम! हे त्यांचं अगदी अखेरचं काम ना? सगळं शिक्षण विसरून लहान मुलासारखं... आणि काय हा रेषेतला निर्भयपणा!"

खरं सांगायचं तर त्या एका क्षणात जावईबापूंच्या मनात पाप आलं. गप्प राहावं. निर्भयपणे गप्प राहावं.

"निर्भयपणा रेषेत नाही बाई," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या जावयात आहे." मग त्या जावयाकडे वळल्या. आवाज अजिबात चढला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "शेळी वळली कधी?"

"वळली?"

"दगडावर सगळं उलटं असतं, तेव्हा ते कागदावर सुलटं येतं. माझ्या शेळीचं तोंड या खोलीच्या दाराकडे होतं. हिचं त्या खिडकीकडे आहे. वळली कधी?"

जावईबापूंनी भिंतीवरच्या रेखाटनाकडे बघितलं आणि मग दगडाकडे बघितलं. पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. दार, चादर, शिंक, कान, दुसरा कान, बाटली, फडकं. "आणि ही मी काढली, आई," ते शेवटी म्हणाले. "मला माफ करू नका. दगडाला हात लावू नका म्हणाला होतात, मी कोपरसुद्धा लावलं." एवढं बोलून ते स्टुलावर बसले. स्टूल ओलं होतं. अर्ध्या दाराइतका हिरवा रंग त्यांच्या पँटला लागला, पण ते कुणाला सांगण्याची ती वेळ नव्हती.

"माझी पेन्सिल!" बायको हळूच म्हणाली.

सासूबाई दगडावर वाकल्या. नाक अगदी दगडाला टेकेल इतक्या वाकल्या. बोटाच्या नखानं एक कोपरा खरवडून बघितला.

"टर्पेंटाइननंच पुसलंत?"

"हो."

"त्याआधी पाणी?"

"नव्हतं. नळच कोरडा होता."

"साबण?"

"काढला होता, आई. वडी काढली, ब्रश काढला. पण पाण्याशिवाय..."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि छताच्या दिशेनं, म्हणजे टाकीच्या दिशेनं, चक्क हात जोडले.

"देव कुठल्या रूपात वर चढतो सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "अहो, या दगडावर डिंकाचं कवच होतं. पाण्यानं ते धुतलं असतंत आणि वर साबण फिरवला असतात, तर साबणाची चरबी दगडभर बसली असती. मग छापली असती मी काळी पाटी. आता उठा. रडताय काय? चाकापाशी या."

त्याच क्षणी, अगदी सांगितल्यासारखा, न्हाणीघरातला नळ खाकरला. मघाशी लावलेल्या बादलीत धार पडू लागली. बायको धावली.

सासूबाईंनी ओला स्पंज दगडावर फिरवला. त्याबरोबर डिंकाचं कवच विरघळलं आणि जावईबापूंची शेळी, तिची अधांतरी खुर्ची आणि मोठे साहेब असे सगळे काळ्या ओघळांनी बादलीत गेले. (जावईबापूंना त्याचं थोडं वाईट वाटलं. माणसाचं मन विचित्र असतं.) मग त्यांनी शाईचा रूळ उचलला. मनगट थरथरलं तसा जावईबापूंनी पुढे होऊन रुळाची दुसरी मूठ धरली. सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पण सोडा असं म्हणाल्या नाहीत.

रूळ एकदा गेला. काही नाही. पुन्हा स्पंज, पुन्हा रूळ. काही नाही. तिसऱ्यांदा रूळ फिरला आणि कोऱ्या दगडावर एक खूर दिसला.

"अहो!" बायको ओरडली.

मग खुर्चीचा पाय आला. मग दुसरा खूर, पोट, पाठीचा कणा, आणि धुक्यातून बाहेर पडावी तशी ती शेळी हळूहळू बाहेर येत राहिली. तिची मान दाराकडेच होती. सगळ्यांत शेवटी आले कान. दोन्ही कान.

"चित्र दगडावर नसतं, जावईबापू," सासूबाई रूळ न थांबवता म्हणाल्या, "दगडात असतं. खडूची चरबी आत मुरते. वर दिसते ती नुसती शाई, ती पुसायचीच असते. मी आज येऊन पहिलं काम तेच करणार होते. टर्पेंटाइनच्या वासानं माझं डोकं दुखतं, ते तेवढं वाचवलंत."

जावईबापूंनी इतका मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचा छापायचा कागद उडाला. बायको हसत होती, डोळे पुसत होती, आणि दालनाच्या बाई कधी चष्मा लावत होत्या, कधी काढत होत्या. चाक फिरवायचा मान जावईबापूंना मिळाला. त्यांनी ते असं फिरवलं की जणू जहाजच किनाऱ्याला लावतायत. तेवढ्यात ते दालनाच्या बाईंना सांगूनही मोकळे झाले, "म्हणजे तसं पाहिलं तर छपाईची सुरुवात मीच केली म्हणायची."

सासूबाईंनी कागदाचं टोक धरलं आणि सावकाश उचललं. शेळी खुर्चीवर पुढचे पाय टेकून खिडकीबाहेर बघत होती. इतकी वर्षं थांबायला लागल्याचा राग तिच्या तोंडावर कुठेही नव्हता. सासूबाई पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "झालं बघा. शब्द पाळला."

आणि मग त्यांची नजर शेळीच्या मागच्या बाजूला गेली. शेपटीच्या बरोबर खाली, खुर्चीच्या मागे, पाच काळे, गोल, टपोरे ठिपके होते.

"हे काय?" दालनाच्या बाईंनी चष्मा सावरला. "थोरल्यांच्या कुठल्याच रेखाटनात हे नाही. काही प्रतीक असावं का?"

जावईबापूंनी नकळत आपल्या बोटांकडे बघितलं. त्यांची शेळी उलट्या तोंडाची होती, म्हणजे तिची दाढी जिथे होती तिथे खऱ्या शेळीचं... असो. पाण्याचा थेंब नव्हता त्या घरात, पण जावईबापूंची जीभ होती. दाढी पुसताना थुंकीनं तेवढ्याच जागचा डिंक गेला होता आणि भुवयांची पेन्सिल थेट दगडात मुरली होती.

काळजीचं काही नव्हतं. सासूबाईंनी एक बारीक कुरुंद दगडाचा तुकडा घेतला, ते ठिपके घासून काढले, आणि पुढच्या सगळ्या प्रती निर्मळ निघाल्या. संग्रहालयात आज ज्या काचेमागे आहेत त्या याच. ठिपक्यांची ती पहिली प्रत मात्र दालनाच्या बाईंनी मागूनही सासूबाईंनी दिली नाही. ती त्यांनी चौकट करून दिवाणखान्यात लावली, अगदी समोर, आल्यागेल्याला दिसेल अशी.

लोक येतात, थबकतात, जवळ जातात. कुणी जाणकार असेल तर आदरानं विचारतो, "थोरल्या चित्रकारांचीच ना ही?"

जावईबापू तोवर चहा बघायच्या निमित्तानं मागच्या खोलीत सटकलेले असतात. पण दार तेच अर्धं हिरवं, अजून अर्धंच, आणि ते नीट लागत नाही. त्यामुळे सासूबाईंचं उत्तर त्यांना दर वेळी ऐकू येतंच.

"शेळी थोरल्यांची," सासूबाई सांगतात. "लेंड्या आमच्या जावईबापूंच्या."